तळेगावच्या अंगणातून दीर्घिका: एम ३३ आणि एम ८१ काही केल्या उठत नाहीत

परसातून_आकाश

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाड्याला स्टेशनच्या बाजूला आमचं रो-हाउस आहे. मागे फरशी घातलेलं छोटं अंगण, त्यात एक शेवगा आणि कपडे वाळत घालायच्या तारा. दुर्बीण लावायला माझ्याकडे एवढीच जागा. पूर्वेला आणि ईशान्येला चाकण, आग्नेयेला पिंपरी-चिंचवड, त्यामुळे त्या बाजूचं आकाश रात्रभर दुधाळ राहतं. पश्चिमेला लोणावळ्याच्या दिशेने बरंच बरं असतं. नकाशावर आमचा भाग बॉर्टल ७ च्या आसपास येतो (१ म्हणजे सगळ्यात काळं आकाश, ९ म्हणजे सगळ्यात उजळ). मागच्या बोळात सोसायटीचा पांढरा एलईडी आहे, तो थेट अंगणात येतो.

सामान असं: ७२ मिमीची ईडी दुर्बीण, फोकल लेंग्थ ४२० मिमी, २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर, छोटं इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारं) आणि गायडिंगचा, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सुधारणारा, कॅमेरा. मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका छान आल्या. घरच्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावल्यात. पण जीव अडकलाय तो दीर्घिकांमध्ये.

नोव्हेंबरपासून एम ३३ च्या मागे आहे. पुस्तकात तिची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं ठळक) ५.७ दिलेली, म्हणजे चांगली ठळक असायला हवी. अनेक फोटो एकावर एक जोडून स्टॅक केल्यावर मधला गाभा दिसतो आणि भोवती राखाडी धुकं. जानेवारीपासून एम ८१ आणि एम ८२ ची जोडी धरली, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये नवशिक्यांना सगळे तीच सुचवतात. त्यात एम ८२ ची कांडी दिसते, पण एम ८१ चे बाहू म्हणावे तसे येत नाहीत. एका मित्राचा ड्युअल नॅरोबँड फिल्टर (दोनच ठरावीक रंग जाऊ देणारा) लावून पाहिला. आकाश काळं झालं आणि दीर्घिकाही त्याच्याबरोबर गेली.

माझे प्रश्न: मोठी दुर्बीण घेतल्याने हे सुटेल का? कोणता फिल्टर खरंच उपयोगी पडतो? की अशा अंगणातून दीर्घिकांचा नाद सोडून द्यावा? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

सह्याद्रीचा_निशाचर

फिल्टर, नवी दुर्बीण, काही नको. गाडी काढा आणि वेल्ह्याच्या पुढे जा. तिथे एका रात्रीत जे मिळेल ते अंगणात महिनाभर बसून मिळणार नाही. विदर्भात नातेवाईक असतील तर पेंचचा बेत आखा. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. तिथलं आकाश पाहिलंत की गावातलं आकाश नकोसं होईल.

रोहिणीशकट

निशाचर म्हणतात ते आकाशापुरतं खरं आहे. पण वेल्ह्याला जायचं म्हणजे अमावास्येजवळचा शनिवार हवा, सोबत हवी, आभाळ मोकळं हवं. वर्षातून असे योग किती येतात ते आपण सगळे जाणतो. अंगण रोज आहे, आणि दीर्घिकांच्या फोटोला सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. त्यामुळे परसातून_आकाश, नाद अजिबात सोडू नका.

मी डोंबिवलीत राहते. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला माझी दुर्बीण असते. माझं आकाश तुमच्यापेक्षा वाईट आहे. तरीही तिथून एम ५१ चे बाहू आणि एम १०४ ची धुळीची काळी पट्टी मी टिपली आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या ५.७ बद्दल. हा आकडा दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती, हे सांगतो. एम ३३ चा तो प्रकाश आकाशात सत्तर बाय चाळीस कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या सुमारे तिप्पट जागेत पसरलेला आहे. पाहायचा तो दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे कलेचा साठावा भाग) किती प्रकाश येतो हा आकडा. एम ३३ साठी तो सरासरी २३ प्रतीच्या आसपास येतो. तुमच्या अंगणातलं आकाश याच मापाने साधारण १९ धरूया. चार प्रतींचा फरक म्हणजे चाळीस पट. आकाशाच्या स्वतःच्या उजेडात एम ३३ ची तबकडी जेमतेम अडीच टक्के भर घालते आणि त्या अडीच टक्क्यांतून तुम्ही बाहू शोधताय.

आता एम १०४ घ्या. एकूण प्रत ८, म्हणजे पुस्तकात एम ३३ पेक्षा कितीतरी फिकी. पण ती नऊ बाय चार कलांतच मावते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग साडेवीसच्या आसपास येतो. आकाशाच्या चौथाई इतका. चौथाई आणि अडीच टक्के, हा फरक कुठल्याच फिल्टरने भरून निघत नाही. आमच्यासारख्यांनी छोट्या, घट्ट, कडेने दिसणाऱ्या दीर्घिका निवडाव्यात. एम ३३ आणि एम १०१ वेल्ह्यासाठी राखून ठेवा. तिथे निशाचरांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

दुसरी गोष्ट अक्षांशाची, आणि ही आपल्याकडे फार कमी बोलली जाते. ते व्हिडिओ बहुतेक चाळीस-पन्नास अक्षांशांवरचे असतात. एम ८१ ची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर ६९ अंश आहे. तळेगावचा अक्षांश १८.७. म्हणजे ती तुमच्याकडे जास्तीत जास्त ४० अंशांपर्यंत चढते, तीही उत्तरेला, शेजारच्यांच्या टाकीवरून. त्या उंचीवर प्रकाशाला दीडपटीहून जास्त हवा ओलांडावी लागते, आणि त्या हवेतच धूळ, धूर आणि चाकणचा उजेड मिसळलेला असतो. व्हिडिओवाल्यांचा सल्ला त्यांच्या आकाशासाठी बरोबर आहे. आपलं आकाश वेगळं आहे.

आपलं सुख सिंह आणि कन्या राशीत आहे. पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे शोधा. त्यातल्या दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या जरा खाली, म्हणजे थेटा आणि आयोटा लिओनिस यांच्या मधे, तीन दीर्घिका आहेत: एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८. क्रांती उत्तर १३ अंश. तुमच्या अंगणात त्या ८४ अंशांवर जातात, अगदी माथ्यावर. आकाशाचा सगळ्यात काळा तुकडा तिथेच असतो आणि हवेचा थरही सगळ्यात पातळ. मार्चच्या मध्याला त्या रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतात. (आपली खरी मध्यरात्र घड्याळात बारा वाजल्यावर अर्ध्या तासाने येते, कारण घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७३-७४ वर.) दहा ते पावणेतीन या वेळात त्या ५५ अंशांच्या वरच असतात आणि बारानंतर गावातले बरेच दिवेही मालवलेले असतात.

तिथून पूर्वेला, उत्तरा फाल्गुनीच्या पलीकडे कन्येचा दीर्घिका-समूह आहे. एम ८४ आणि एम ८६ पासून सुरू होणारी मार्केरियनची साखळी तुमच्या फ्रेममध्ये सहज बसते, कारण ४२० मिमीवर डीएसएलआरला तीन बाय दोन अंशांचं क्षेत्र मिळतं. जवळच एम ८७ आहे. २०१९ साली ज्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, ते तिच्या गाभ्यातलं. तो प्रकाश निघून पाच कोटींहून जास्त वर्षं झाली आणि तो तळेगावच्या फरशीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात उतरतो, याचं मला अजूनही मनापासून अप्रूप वाटतं.

म्हणून मोठी दुर्बीण सध्या नको. ४२० मिमीवर एम १०४ तीनशे पिक्सेलांत येईल, लहान वाटेल, पण पट्टी दिसेल. समूह मात्र याच दुर्बिणीतून फार देखणे येतात. फोकल लेंग्थ वाढवलीत तर तुमचं माउंट कुरकुरेल आणि आकाश तेवढंच उजळ राहील.

फिल्टर: तेजोमेघ ठरावीक रंगात चमकतो. हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला, ऑक्सिजन ५०१ ला. नॅरोबँड फिल्टर तेवढ्या खिडक्या उघड्या ठेवतो, म्हणून मृगातला तेजोमेघ शहरातूनही खुलतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत सलग पसरलेला. तो अडवलात तर दीर्घिकाच अडवलीत. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ च्या आसपास एकवटलेला असे, तेव्हा शहरी फिल्टर थोडे चालायचे. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे आहे, त्याला गाळून काढायची सोय नाही. फिल्टरचे पैसे वाचवा.

मग उरतो वेळ. तुमचं आकाश १९, वेल्ह्यापलीकडचं २१.५ धरलं तर फरक अडीच प्रतींचा, बरोबर दहा पट. दीर्घिकेच्या फिक्या भागासाठी तिथल्या एका तासाची भरपाई करायला अंगणात दहा तास लागतात. ऐकायला वाईट, पण मार्च-एप्रिलच्या कृष्ण पक्षात रोज तीन-चार तास मिळाले की हिशोब जुळतो. वेळ चौपट केला की चित्राचा दर्जा दुप्पट होतो, हे प्रमाण लक्षात ठेवा. पहिल्या रात्री खूप सुधारणा दिसेल, नंतर हळूहळू. तिथे कंटाळून लक्ष्य बदलायचं नाही. एका मोसमात एकच समूह घ्या.

एकेक फ्रेम मात्र लांब नको. आकाश इतकं उजळ असताना पाच-पाच मिनिटं उघडं ठेवून काही मिळत नाही, उलट ताऱ्यांचे रंग जळतात. आयएसओ ८०० ला ६० ते ९० सेकंद पुरे. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या बाजूपासून चौथाई-तिहाईवर आला की थांबा. दर दोन-तीन फ्रेमनंतर डिदरिंग, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवणं, हवंच. एप्रिलच्या रात्री सेन्सर तापलेला असतो आणि डिदर नसेल तर स्टॅकमध्ये तिरक्या रेघा उमटतात.

आणि तो बोळातला दिवा. समोरून भिंगावर येणारा उजेड हा आकाशाच्या उजेडापेक्षा वेगळा शत्रू आहे आणि हा हरवता येतो. योगा मॅट कापून दुर्बिणीच्या तोंडाला तिच्या व्यासाच्या तिप्पट लांबीची नळी करा. दोन बांबू आणि हिरव्या शेडनेटचे दोन पदर दिव्याच्या बाजूला उभे करा. तुमच्या मावळात गुलाबाची पॉलिहाउसं आहेत, शेडनेट कुठेही मिळेल. शिवाय सोसायटीशी बोला. दिव्याला मागच्या बाजूने पत्र्याचं झाकण लावलं तर बोळ तेवढाच उजळ राहतो आणि लोकांच्या बेडरूममधला उजेडही जातो. आमच्याकडे हे कारण सगळ्यांना पटलं. दीर्घिकांचा विषय काढावाच लागला नाही.

लेक_फ्रंट_नाही_बॅकयार्ड

रोहिणीशकट ताईंच्या अक्षांशाच्या मुद्द्याला इथून दुजोरा. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, अक्षांश ४०.५. माझ्या बॅकयार्डमधून एम ८१ साठ अंशांच्या वर चढते, म्हणून इथले सगळे नवशिक्यांना तीच सांगतात. उलट एम ८३ मला वीस अंशांवर, शेजाऱ्यांच्या मेपलच्या फांद्यांत मिळते. तुम्हाला ती चाळीसच्या वर मिळत असेल. एनजीसी २५३ चंही तसंच. आणि सेंटॉरस ए मला जवळजवळ क्षितिजालाच टेकते. दर मे महिन्यात पुण्याला माहेरी यायचा बेत करते तो थोडा आंब्यासाठी आणि थोडा त्या दक्षिणेच्या आकाशासाठी.

रोहिणीशकट

अगदी. एनजीसी २५३ राहूनच गेली होती, आठवण केलीत ते बरं झालं. क्रांती दक्षिण २५, आपल्याकडे ४६ अंशांवर. लांबट, तेजस्वी, शहरातून येण्यासारखी. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी हवा धुतलेली असते, तेव्हा ती रात्री साडेदहा-अकराला दक्षिणेला उंच येते. फक्त दिवाळीची अमावास्या धरू नका. चंद्र नसला तरी फटाक्यांचा धूर दोन-तीन दिवस खाली बसत नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या पूर्वरात्री घ्या. तेव्हा चंद्र उत्तररात्री उगवतो, म्हणून चंद्रोदयाची वेळ बघून बेत करा.

सेंटॉरस ए मला २८ अंशांवर मिळते. ठाण्याच्या उजेडात नाही, दक्षिणेला, म्हणून मधली काळी पट्टी निघते. तळेगावातूनही निघेल, पण सिंहानंतर.

चांदण्या_मोजतो

ताई, माझ्याकडे ५० मिमीची स्मार्ट दुर्बीण आहे, अल्ट-अझ माउंटवाली (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी). सिंहातलं त्रिकूट माथ्यावर आलं की ट्रॅकिंग बिघडतं, तारे लांबट होतात आणि निम्म्या फ्रेम ती स्वतःच टाकून देते. मग माथ्यावरचा फायदा माझ्यासारख्यांना नाही का?

रोहिणीशकट

आहे, थोडं घड्याळ सांभाळावं लागतं. अल्ट-अझ माउंटला माथ्याजवळ दिगंश, म्हणजे आडवी दिशा, फार वेगाने फिरवावा लागतो आणि चित्रही झपाट्याने गोल फिरतं. हा त्या रचनेचाच गुण आहे, तुमच्या यंत्रात दोष नाही. माथ्यावर यायच्या तासभर आधी थांबा आणि तासभर नंतर पुन्हा सुरू करा. तासाभरात ती पंधरा अंश सरकते, म्हणजे ७५ अंशांवर असते. तिथली हवा माथ्याइतकीच पातळ समजा. मधल्या वेळात सप्तर्षीतल्या मरीचीजवळची एम ५१ घ्या. ती आपल्याकडे ६१-६२ अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे अडचण येणार नाही. तुमच्या माउंटला इक्वेटोरियल पद्धतीने तिरपं ठेवायची सोय असेल तर सगळ्यात उत्तम.

परसातून_आकाश

ताई, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. शेडनेट आजच सांगून ठेवलं. सिंहाचं त्रिकूट ठरलं.

दोन अडचणी विचारतो. एक, ध्रुव तारा आमच्याकडे १९ अंशांवर, म्हणजे नेमका शेजारच्यांच्या भिंतीमागे. आत्तापर्यंत होकायंत्राने अंदाजे लावतोय. आणि माउंट इतकं आडवं होतं की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. दोन, दर रात्रीच्या स्टॅकमध्ये एका कोपऱ्यात तांबूस-पिवळी झाक येते आणि ती रात्रीगणिक जागा बदलते. अनेक रात्री एकत्र कशा करायच्या?

सह्याद्रीचा_निशाचर

ध्रुवाचं मी सांगतो, माझंही घर उत्तरेला बंद आहे. नीना या फोटो घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट नावाचं प्लगिन आहे. ते आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागाचे तीन फोटो घेतं, तारे ओळखतं आणि माउंटचा अक्ष किती चुकलाय ते सांगतं. ध्रुव दिसायची गरजच नाही. दांड्यासाठी माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये छोटा खांब मिळतो, तो बसवा. नाहीतर ट्रायपॉड फिरवून दांडा दोन पायांच्या मधे येईल असं पाहा, माउंटची बैठक तशी फिरत असेल तर.

आणि ताई, अंगणाबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. या कृष्ण पक्षात मीही गच्चीवर लावतो.

रोहिणीशकट

वा, लावाच. गच्चीवर असाल तर लिफ्टच्या मशीन रूमपासून आणि पंपापासून लांब. आरसीसी स्लॅबमधून थरथर येते. फ्रेम चालू असताना दुर्बिणीभोवती चालूही नका. दिवसभर तापलेला स्लॅब दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, त्यामुळे सुरुवातीचे तारे फुगलेले दिसतात. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं तर लवकर निवतो. फरशीच्या अंगणालाही हे लागू.

परसातून_आकाश, तुमची झाक म्हणजे उजेडाचा उतार. चाकणच्या बाजूला जास्त, लोणावळ्याकडे कमी. रात्रभरात दीर्घिका पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, त्यामुळे तो उतार फ्रेममध्ये हळूहळू दिशा बदलतो. सगळ्या फ्रेम आधी एकत्र करून मग तो काढायला गेलात तर अनेक दिशांचे उतार एकमेकांत मिसळलेले असतात आणि सुटत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा. सिरिल हे फ्रेम जुळवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच वापरा. फ्लॅट (धुळीचे डाग घालवायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) लावून झाले की स्टॅकच्या आधी प्रत्येक फ्रेममधून पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उतार काढा. एका फ्रेममध्ये तो जवळजवळ सरळच असतो. मग सगळ्या रात्रींच्या फ्रेम एकाच वेळी जुळवून एकच स्टॅक करा. नॉर्मलायझेशन (सगळ्या फ्रेमचा उजेड एका पातळीवर आणणं) चालू ठेवा आणि फ्रेमना नॉइजप्रमाणे वजन द्या, म्हणजे धुरकट रात्रीच्या फ्रेम चित्र बिघडवणार नाहीत. शेवटी जी किरकोळ झाक उरेल ती ग्रॅक्स्पर्टने काढा, तेही फुकट आहे. नमुन्याचे चौकोन हाताने ठेवत असाल तर दीर्घिकांच्या जवळपास एकही ठेवू नका. एनजीसी ३६२८ ची टोकं दिसतात त्यापेक्षा लांब पसरलेली आहेत, सॉफ्टवेअर त्यांना आकाश समजून पुसून टाकतं. रंगांचं संतुलन हे सगळं झाल्यावर, आणि स्ट्रेच, म्हणजे फिके भाग उजळून दाखवणं, सगळ्यात शेवटी.

फ्लॅट मात्र प्रत्येक रात्रीचे वेगळे घ्या. कॅमेरा काढून पुन्हा लावला की धुळीच्या ठिपक्यांची जागा बदलते. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून पहाटेच्या आकाशाकडे रोखलं की काम होतं, आणि फोकस हलवायचा नाही.

एनजीसी ३६२८ ला एक लांब शेपटी आहे, मोठ्या फोटोंत दिसते, सुमारे तीन लाख प्रकाशवर्षांची. ती तुमच्या किंवा माझ्या आकाशातून येणार नाही, तिच्यामागे रात्री घालवू नका. मधली धुळीची पट्टी आणि एम ६६ चे वाकडे बाहू नक्की येतील. स्टॅक झाला की मूळ फाइल इथे टाका, स्ट्रेच करायच्या आधीची. मी माझ्याकडे उघडून बघते.